ओझे डोळ्यांसमोर

डच भाषेत सायकलीला 'फीट्स' म्हणतात. हा शब्द आला कुठून, या प्रश्नाने तिथल्या भाषाभ्यासकांना शंभराहून अधिक वर्षे छळले. फ्रेंच 'व्हेलोसिपेड'चा अपभ्रंश म्हणावा, तर ध्वनी जुळत नाहीत. कुणा कारागिराच्या आडनावावरून आला म्हणावे, तर कालक्रम आडवा येतो. २०१२ साली बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातील अभ्यासकांनी एक व्युत्पत्ती सुचवली. 'व्हाइस-प्रेसिडेंट' या शब्दातला जो 'व्हाइस', म्हणजे 'उप' किंवा 'बदली', त्याचेच जर्मन बोलीतले रूप घोड्याला जोडून 'उप-घोडा' असा शब्द सायकलीसाठी झाला. पुढे घोडा गळाला आणि नुसते 'उप' उरले. ही व्युत्पत्ती सर्वांनी मान्य केलेली नाही. तरी एखादी वस्तू केवळ 'बदली' या नावाने ओळखली जावी, ही कल्पना मनातून सहजी जात नाही.

या 'फीट्स'च्या आधी 'बाक' जोडला की 'बाकफीट्स' होतो. 'बाक' म्हणजे पेटी किंवा हौदा. (मराठी कानाला हा बसायचा बाक वाटेल, आणि आजच्या बाकफीट्सच्या पेटीत मुलांना बसायला खरोखरच एक बाक असतो, पण हा निव्वळ योगायोग.) पुढे पेटी आणि मागे सायकल, अशी ही माल वाहण्याची गाडी. अलीकडे युरोपातल्या शहरांची छायाचित्रे पाहताना ती हटकून दिसते: पेटीत दोन गोबरी मुले, भाजीच्या पिशव्या, मागे पायडल मारणारी आई किंवा बाप. तिचा इतिहास साधारणपणे दोन प्रकारे सांगितला जातो. एक, कल्पक अभियांत्रिकीचा विजय म्हणून. दोन, मोटारीवर मात करणाऱ्या शहाण्या शहरांची कथा म्हणून. दोन्ही कथा खऱ्या आहेत. परंतु दोन्हींतून एक पात्र गळालेले आहे, आणि ते पात्र म्हणजे या गाडीच्या आयुष्याच्या पूर्वार्धात ती हाकणारा मजूर पोरगा. घोड्याची बदली प्रत्यक्षात सायकलीने केली नाही, ती त्या पोराने केली. त्याच्या श्रमाची नोंद साहित्यात फार थोडी आहे. गाडीच्या घडणीत मात्र ती सगळी सापडते. म्हणून आधी घडण पाहू.

सायकलीवर ओझे नेमके ठेवायचे कुठे? आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर बहुधा 'मागे' असे आहे. गोव्यातला पोदेर पावांची बांबूची भलीमोठी टोपली मागच्या कॅरियरवर बांधतो आणि रबरी भोंगा वाजवत वाड्यावाड्यांतून फिरतो. गॅसच्या टाक्या आकड्यांनी कॅरियरच्या दोन्ही बाजूंना लटकतात. मुंबईचे डबेवाले (त्यांच्या संघटित कामाची सुरुवात महादू हावजी बच्चे यांनी १८९० साली केली) डबे कॅरियरवर रचतातच, शिवाय हँडलच्या दोन्ही बाजूंना पिशव्यांतून अडकवतात. या सगळ्यांत सायकल साधीच असते, जी कुठल्याही दुकानात मिळते आणि कुठल्याही झाडाखालच्या मिस्त्रीकडे दुरुस्त होते. वेगळेपणा असतो तो बांधणाऱ्याच्या हातात. मात्र मागे ठेवलेल्या ओझ्याला एक मर्यादा आहे. ते मागच्या चाकाच्या आसाच्या पलीकडे गेले की पुढचे चाक हलके होते. चढावर तर ते रस्ता सोडू पाहते आणि हँडल हातात असूनही नसल्यासारखे होते. दुसरे, ते दिसत नाही. दोरी सैल झाली, टोपली कलली, हे चालवणाऱ्याला पाठीने ओळखावे लागते.

मग ओझे पुढे आणावे म्हटले तर पहिला सोपा मार्ग म्हणजे हँडलला टोपली. इथे दुसरी अडचण. हँडलला बांधलेले ओझे हँडलबरोबर वळते. पाच किलोंपर्यंत हे कळत नाही. पंधरा-वीस किलो झाले की वळवायला जोर लागतो, आणि एकदा वळू लागलेले हँडल थांबवायला त्याहून अधिक. टोपली एका बाजूला पडू पाहते आणि जाताना चाकालाही घेऊन जाते. थोडक्यात, दिशा देणे आणि भार वाहणे ही दोन कामे एकाच अवयवावर टाकली की दोन्ही बिघडतात. पुढून भरायच्या सायकलींचा सगळा तांत्रिक इतिहास ही दोन कामे एकमेकांपासून सोडवण्याचा इतिहास आहे.

इंग्लंडात खाटीक, वाणी आणि पाववाले यांच्या पोऱ्यांसाठी जी सायकल विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गल्लोगल्ली दिसे, तिने हा प्रश्न अर्धा सोडवला. पुढचे चाक लहान केले, त्याच्यावर जी जागा मोकळी झाली तिथे लोखंडी घोडी बसवली आणि ती चिमट्याला नव्हे, तर मुख्य चौकटीला जोडली. आता चाक खाली हवे तसे वळे. वरची टोपली मात्र समोरच पाहत राही. पहिल्यांदा बसणाऱ्याला हे फार विचित्र वाटते, कारण हँडल फिरवले तरी डोळ्यांसमोरची टोपली हलत नाही. चौकटीच्या त्रिकोणात धातूचा पत्रा लावून त्यावर दुकानाचे नाव रंगवलेले असे. पोऱ्या हा चालता फलक होता, आणि त्या फलकावर नाव मालकाचे असे. डेन्मार्कमध्ये याच घडणीच्या सायकलीला पुढे 'शॉर्ट जॉन' म्हणू लागले. कारण तोवर तिथे 'लाँग जॉन' येऊन बसला होता.

लाँग जॉन हे या इतिहासातले सर्वांत धीट पाऊल. इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्याला हे नाव ऐकून स्टीव्हन्सनच्या कादंबरीतला एकपायी चाचा आठवेल, पण इथे लांबी शब्दशः घ्यायची आहे. १९२०च्या दशकात डेन्मार्कमध्ये ही सायकल घडली आणि ओडेन्स शहरातल्या 'स्मिथ अँड कंपनी' या कारखान्याने ती घरोघर माहीत करून दिली. ओडेन्स हे हान्स अँडरसनचे जन्मगाव, तेव्हा परीकथेची सवय त्या गावाला होतीच. युक्ती अशी: पुढचे चाक हँडलखालून काढून जवळजवळ दीड हात पुढे ढकलायचे. हँडल आणि चाक यांच्यामध्ये जी लांब पोकळी तयार होते, तिथे चौकटीच्या नळ्या गुडघ्याच्याही खाली उतरवून एक सपाट हौदा करायचा. आणि हँडलच्या दांडीच्या तळाशी एक आडवा सांधा देऊन तिथून एक लोखंडी दांडी हौद्याखालून पुढच्या चिमट्यापर्यंत न्यायची. हँडल फिरले की दांडी ढकलली किंवा ओढली जाते आणि दूरचे चाक वळते. ओझे ना हँडलवर, ना चाकावर. ते दोन चाकांच्या मधोमध, जमिनीलगत, चालवणाऱ्याच्या थेट नजरेसमोर. दोन्ही चाके भार वाटून घेतात. शंभर किलो चढवले तरी पुढचे चाक उचलले जाण्याचा प्रश्नच उरत नाही.

ही सायकल चालवण्याचा योग मला नेदरलँड्समध्ये आला. उट्रेख्टला भाचीकडे गेलो असता तिच्या दारात अशीच, पण आजच्या घडणीची, लांब गाडी उभी होती. चाळीस वर्षे सायकल चालवलेला माणूस, त्यामुळे आत्मविश्वास दांडगा. पहिल्या दहा फुटांत गाडी डावीकडे, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे अशी नागमोडी निघाली आणि मी पाय टेकला. भाची मागून म्हणाली, "मामा, चाकाकडे नको बघूस. लांब बघ, त्या झाडाकडे." चूक तिने अचूक ओळखली होती. साध्या सायकलीवर चाक आपल्या हातांखाली असते, म्हणून आपण त्याला पाहत नाही. इथे ते पुढे दिसत राहते. आपण वळवतो आणि ते किंचित उशिरा वळल्यासारखे वाटते, म्हणून आपण आणखी वळवतो, मग ते जास्त वळते. नजर उचलून झाडाकडे लावली आणि गाडी सरळ झाली. नंतर बाजारातून बटाट्यांची एक गोणी आणि पाण्याचे दोन खोके हौद्यात ठेवून परतलो, तेव्हा दुसरे नवल कळले: भरलेली गाडी रिकाम्या गाडीपेक्षा शांत चालत होती. हँडलमधली थरथर गेली होती. निघताना मात्र चांगलाच जोर लागला, आणि गल्लीच्या तोंडाशी मागे वळायचे म्हटले तर सगळा रस्ता पुरला नाही. उतरून गाडी उचलत उचलत फिरवावी लागली. थांबवून स्टँडवर चढवणे ही तर वेगळी विद्या. पुढे दोन पायांचा रुंद स्टँड पायाने खाली दाबायचा आणि सगळी भरली गाडी मागे ओढून त्याच्यावर चढवायची. दिवसातून एकदा ही गंमत आहे. दिवसातून चाळीस वेळा तिला दुसरे नाव द्यावे लागेल.

ओझे खाली असले की तोल सोपा, असे सगळेच म्हणतात. ते पूर्ण खरे नाही, हे नमूद करायला हवे. तळहातावर लांब झाडू उभा तोलता येतो, पेन्सिल तोलता येत नाही. कारण उंच वस्तू सावकाश कलते आणि हाताला सावरायला अवधी देते. चालत्या सायकलीचेही तसेच आहे. खाली ठेवलेल्या ओझ्याचा खरा फायदा चालताना नसून थांबताना आहे. सिग्नलपाशी गाडी थोडी कलली तर ती पायाने सावरता येते. तेच ओझे छातीच्या उंचीवर असते तर गाडी माणसासकट आडवी झाली असती. आणि दुकानदारापासून गिऱ्हाइकापर्यंत जाणारा पोऱ्या दिवसभर थांबतच असतो. म्हणजे लाँग जॉनचा ठेंगणा हौदा हा वेगाच्या हिशेबाने नाही, तर थांब्यांच्या हिशेबाने घडला आहे. ही गाडी ज्याच्या कामासाठी घडली, त्याचा दिवस त्या नळ्यांच्या वाकण्यात दिसतो.

सायकल मुळात उभी का राहते, हा प्रश्न तर अजून मिटलेला नाही म्हटले तरी चालेल. १९७० साली डेव्हिड जोन्स या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने न चालवता येणारी सायकल बनवण्याचा खटाटोप केला आणि फिरत्या चाकांच्या भोवऱ्यासारख्या परिणामावर सगळे श्रेय टाकता येत नाही, हे दाखवून दिले. २०११ मध्ये डेल्फ्ट आणि कॉर्नेल इथल्या संशोधकांनी त्याच्याही पुढे जाऊन अशी एक सायकल बनवली, जिच्यात तो परिणाम नाही आणि पुढचे चाक हँडलच्या अक्षामागे ओढले जाण्याचा परिणामही नाही. तरी ढकलून दिल्यावर ती आपोआप तोल सावरत गेली. वस्तुमान कुठे आहे, यालाही तितकेच महत्त्व आहे असा त्याचा मथितार्थ. ओडेन्सच्या लोहारांना हे समीकरणात माहीत नव्हते. लहान चाक, खाली आणि पुढे सरकलेला भार, लांब पल्ला यांचे प्रमाण त्यांनी हाताने, आणि बहुधा पोऱ्यांच्या गुडघ्यांच्या खर्चाने, शोधून काढले.

ॲमस्टरडॅमची जुनी बाकफीट्स याहून निराळी, तीन चाकांची. पुढे दोन चाके, त्यांवर लाकडी पेटी, मागे एक चाक आणि खोगीर. वळताना पेटी चाकांसकट एका मध्यखिळीभोवती फिरते. म्हणजे इथे दिशा आणि भार पुन्हा एक झाले. पण तीन चाकांमुळे तोल सांभाळायचा नाही, त्यामुळे तीनशे किलो माल चढवून गाडी उभी सोडली तरी ती पडत नाही. किंमत दुसरीकडे मोजावी लागते. दोन चाकांची गाडी वळणात आत कलते आणि भार चाकांच्या रेषेत राहतो. तीन चाकांची गाडी कलू शकत नाही. वेगात वळली की भार बाहेर फेकला जातो आणि आतले चाक उचलते. चालवणाऱ्याने आपले सगळे शरीर आतल्या बाजूला टाकून वजनाचे पारडे सांभाळायचे. शिवाय रस्ता बाजूला उतरता असेल तर गाडी सारखी गटाराकडे ओढ घेते. जुन्या गाड्यांना फ्री व्हील नसे: चाक फिरतेय तोवर पायडल फिरणारच. उतारावर पाय काढून घेता येत नसत, उलट पायांनीच गाडी रोखून धरावी लागे.

ॲमस्टरडॅम सपाट आहे असे आपण म्हणतो. कालव्यांचे शहर सपाट नसते. तिथे दर शंभर पावलांवर एक पूल असतो आणि जुने पूल चांगले उभट आहेत. या पुलांच्या पायथ्याशी माणसे उभी असत, त्यांना 'कार्खादोर' म्हणत. हातगाडी किंवा भरलेली बाकफीट्स आली की एक-दोन सेंट घेऊन, गाडीला आकडा अडकवून ते ती पुलाच्या माथ्यापर्यंत ओढून देत. पूल उतरण्याची जबाबदारी चालवणाऱ्याची. शहराच्या भूगोलातून जन्मलेला हा धंदा होता, आणि मोटारी आल्यावर तो पुलांखालून वाहून गेला. जुन्या छायाचित्रांत हे लोक बहुधा पाठमोरे, वाकलेले दिसतात.

कोपनहेगनमध्ये अशा पोरांना 'स्वायर' म्हणत. झुलणे, हेलकावणे या अर्थाच्या क्रियापदाशी हा शब्द नाते सांगतो. गर्दीतून भरली गाडी डुलवत काढणारा तो स्वायर. सक्तीचे शालेय शिक्षण चौदाव्या वर्षाच्या सुमारास संपे आणि कामगार वस्तीतल्या कित्येक मुलांचा पहिला पगार याच कामाचा असे. पाव, मांस, फुले, फर्निचर, वर्तमानपत्रांचे गठ्ठे; शहरात जे काही एका दारातून दुसऱ्या दारात जाई, ते बहुतेक यांच्या पायांनी जाई. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने डेन्मार्क व्यापला, पेट्रोल दुर्मिळ झाले आणि या सायकलींवाचून शहराचे पान हलेना. त्याच दिवसांत, १९४२ साली, स्वायरांच्या शर्यती सुरू झाल्या आणि १९६० पर्यंत चालल्या. आधी रिकाम्या गाडीने पळायचे, मग माल चढवायचा, तो बांधायचा, आणि त्या ओझ्यासह पुढच्या फेऱ्या मारायच्या. दोनचाकी आणि तीनचाकींचे गट वेगळे. शर्यतीत केवळ वेगाची परीक्षा नव्हती, दोरी बांधण्याच्या कौशल्याचीही होती. घाईत बांधलेले ओझे वळणावर सुटले तर हरलातच.

या शर्यतींविषयी लिहिताना मोह होतो तो त्यांना कष्टकऱ्यांचा उत्सव म्हणण्याचा. मला त्यात एक अडचण दिसते. जे काम मालकाच्या घाईपायी करावे लागते, तेच रविवारी स्वतःच्या हौसेने करून दाखवण्यात निश्चितच एक प्रकारची मालकी आहे. ते कौशल्य त्या दिवसापुरते तरी पोऱ्याचे स्वतःचे होते. पण सोमवारी सकाळी त्याच गाडीच्या फलकावर नाव पुन्हा दुकानदाराचेच असे. उत्सव म्हणताना हा सोमवार विसरून चालणार नाही.

१९५०-६०च्या दशकांत छोट्या मालमोटारी स्वस्त झाल्या आणि स्वायर, कार्खादोर, खाटकाचा पोऱ्या हे सगळेच दिसेनासे झाले. याचे दुःख कुणाला झाले असेल तर ते त्या पोरांना नव्हे, हे उघड आहे. बाकफीट्स नेदरलँड्समध्ये भाड्याने घर बदलणाऱ्या विद्यार्थ्यांपुरती उरली.

तिचे पुनरुज्जीवन झाले ते मालासाठी नव्हे, मुलांसाठी. आणि त्यामागे एक भयंकर आकडा आहे. १९७१ साली नेदरलँड्समध्ये रस्त्यावरच्या अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. १९७२ मध्ये, आपली लहान मुलगी अशा अपघातात गमावलेल्या एका पत्रकाराने 'मुलांची हत्या थांबवा' अशा शीर्षकाचा लेख लिहिला आणि तेच शीर्षक एका चळवळीचे नाव झाले. १९७३च्या नोव्हेंबरात तेलटंचाईमुळे नेदरलँड्स आणि डेन्मार्क या दोन्ही देशांत रविवारी मोटारींना बंदी आली आणि मोकळ्या महामार्गांवर लोक सायकली घेऊन उतरले. रस्ते पुन्हा मुलांचे व्हावेत ही मागणी आधी आली, वेगळे सायकलमार्ग मग आले, आणि मुले पुढे बसवायची गाडी त्यानंतर. हा क्रम महत्त्वाचा आहे. पेटीत बसलेले मूल रस्त्याला सर्वांत आधी सामोरे जाते, चालवणाऱ्याच्याही आधी. ज्या रस्त्यावर विश्वास नाही, तिथे कुणी आपले मूल असे पुढे धरणार नाही. मुले पाठीमागच्या बैठकीवर घेणाऱ्या शहरांत हा विश्वास किती आहे, ते ज्याचे त्याने पाहावे.

कोपनहेगनच्या क्रिस्टियानिया या वसाहतीत (सोडलेल्या लष्करी बराकींत १९७१ साली वसलेली, मोटारींना मज्जाव असलेली) लार्स एंगस्ट्रॉम या लोहाराने १९८४ मध्ये आपली जोडीदारीण ॲनी हिच्या वाढदिवसासाठी पुढे पेटी असलेली तीनचाकी घडवली. शेजाऱ्यांनी मागितली, त्यांच्या शेजाऱ्यांनी मागितली, आणि त्या वसाहतीचे नाव एका सायकलीला मिळाले. तिकडे नेदरलँड्समध्ये मार्टेन व्हान आंडेल याने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस लाँग जॉनची जुनी लांब चौकट घेतली, हौद्यावर लाकडी पेटी, पेटीत बाक आणि पट्टे, वर पावसाचे छत, असे तिचे कौटुंबिक रूप घडवले. २००० सालापासून ते विकले जाऊ लागले. यांत्रिकदृष्ट्या पाहिले तर यात नवे फार थोडे आहे. तोच आडवा सांधा, हौद्याखालून जाणारी तीच दांडी, तेच लहान पुढचे चाक, तोच दोन पायांचा स्टँड. बदलले ते ओझे, आणि ओझ्याबरोबर चालवणाऱ्याची जात बदलली. इथे जात हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे.

डच भाषेने हा बदल लगेच टिपला. 'बाकफीट्स-आई' हा शब्द रूढ झाला तो जरा कुत्सित अर्थाने: चांगल्या वस्तीतली, सुशिक्षित, सेंद्रिय भाजी घेणारी, सायकलमार्गाची सगळी रुंदी अडवून जाणारी. विजेच्या मोटरीची साथ असलेली अशी गाडी काही हजार युरोंना पडते. एके काळी जी गाडी दिसली की 'हा पोऱ्या कुणाचा?' असे विचारले जाई, तीच आता वस्तीतल्या घरांचे भाव सांगते. या कुचेष्टेत बाप क्वचितच सापडतो, आईच सापडते, हेही लक्षात घ्यावे. गाडी हाकणाऱ्याला हसण्याची परंपरा जुनीच आहे. फक्त हसणारा आता खालून वर पाहतो.

साहित्याच्या अभ्यासकांना यात रस असावा तो इथे. सायकल विसाव्या शतकाच्या साहित्यात आणि चित्रपटात विपुल आहे. डी सिकाच्या १९४८च्या चित्रपटात ती नोकरीची अट आहे. फ्लॅन ओब्रायनच्या 'द थर्ड पोलिसमन'मध्ये माणूस आणि सायकल यांचे अणू एकमेकांत मिसळून माणसे अर्धी सायकल होतात. परंतु ज्याच्या बाबतीत हे मिसळणे अगदी शब्दशः घडत होते, पाय न थांबू देणाऱ्या चाकाला जखडलेला तो बाकफीट्सवाला, तो पार्श्वभूमीतून पुढे येत नाही. तो कथेत पाव घेऊन येतो, दार वाजवतो आणि जातो. कथा दाराच्या आतली असते. आपल्याकडच्या कथांत दूधवाला आणि पेपरवाला जसे येतात, तसेच. दलित साहित्याने आणि कामगारांच्या आत्मकथनांनी मराठीत हे दार काही प्रमाणात बाहेरून दाखवले. मालवाहू सायकलीवरून पाहिलेल्या शहराचे वर्णन मला कुठल्याही भाषेत वाचायला आवडेल. कारण त्या जागेवरून शहर म्हणजे पूल, फरशा, उतार आणि थांबे यांची एक सलग यादी असते, आणि तिचे एकही पान पायांना वगळता येत नाही.

२००८ मध्ये कोपनहेगनच्या एका छोट्या कंपनीने लाँग जॉनला ॲल्युमिनियममध्ये घडवून हलके आणि वेगवान केले. तिचे नाव 'बुलिट', १९६८च्या, मोटारींच्या पाठलागासाठी गाजलेल्या अमेरिकन चित्रपटावरून. शंभर वर्षांपूर्वी घोड्याची बदली म्हणून आलेल्या वस्तूने आता मोटारीचे नाव घ्यावे, यातला विनोद तिच्या कर्त्यांना नक्कीच कळला असणार. गाडी मात्र खरोखर चांगली आहे. चोवीस किलोंच्या आसपास वजन, आणि माणसासह एकशे ऐंशी किलोंचा भार. २०१०च्या दशकात पार्सल पोहोचवणाऱ्या कंपन्यांनी अशाच गाड्या, विजेची मोटर लावून, शहरांच्या मध्यभागात उतरवल्या. लंडनमध्ये २०१७ पासून एक कंपनी त्यांवर माल आणि माणसे दोन्ही नेते. म्हणजे पगारी स्वायर परतला आहे. आता त्याच्या हँडलवर फोन लावलेला असतो, आणि पेटीवर नाव अर्थात त्याचे नसते. मोटरीमुळे पायडलचा जोर कमी झाला, हे खरेच; पण स्टँडवर गाडी चढवायला अजून मोटर नाही.

आपल्या रस्त्यांवर लाँग जॉन आला नाही. वीस इंची पुढचे चाक आपल्या खड्ड्यात जसे शिरते, तसे निघत नाही. आणि झाडाखालच्या मिस्त्रीकडे तो आडवा सांधा मिळत नाही. पुढे पेटी, मागे सायकल ही घडण इथे सर्वांना माहीत आहे ती आइस्क्रीमवाल्याच्या तीनचाकीमुळे. उन्हाळ्याच्या दुपारी शाळेच्या फाटकापाशी ती उभी असते, आणि तिच्याकडे धावणाऱ्या मुलांना पेटी दिसते.

कोपनहेगनमधली स्वायरांची शर्यत २००९ साली पुन्हा सुरू झाली. धावणारे आता बहुतेक हौशी असतात. आर्किटेक्ट, शिक्षक, सायकलदुकानदार, काही खरे कुरियरही. पहिली फेरी रिकामी. मग गाड्या थांबतात, आणि जुने टायर, वर्तमानपत्रांचे गठ्ठे असा माल घाईघाईने हौद्यांवर चढतो, रबरी पट्टे ताणले जातात, कुणाचा तरी टायर पहिल्याच वळणावर सुटून प्रेक्षकांत घरंगळत जातो आणि हशा पिकतो. शेवटच्या फेरीनंतर सगळे ओझे जिथून उचलले होते तिथेच उतरवून पुन्हा ढीग रचला जातो. ते कुणाला पोहोचवायचे नसते.